नळाला पाणी असताना टँकर

भाचीचा फोन शनिवारी रात्री आठला आला. तिच्याकडे, नॉर्थ कॅरोलिनात, सकाळचे साडेनऊ वाजले होते. “मामा, विजेचं बिल जवळजवळ दुप्पट आलंय. घर मात्र मस्त उबदार आहे, त्याची काही तक्रार नाही.” थंडी दरवर्षीइतकीच, माणसं तेवढीच, घरात नवीन उपकरण कुठलं घेतलेलं नाही. मग बदललं काय? “काहीच नाही रे. फक्त थर्मोस्टॅट बदलला, ती भिंतीवरची तापमान लावायची डबी. आम्ही दोघांनीच बसवला, अर्ध्या तासात झालं.”

मी नोकरीभर ठाण्याच्या वागळे इस्टेटातल्या कारखान्यांचे एसी प्लांट सांभाळले. वायरिंग अर्ध्या तासात होतं हे खरंच आहे. पुढचे तीन दिवस ते चालत का नाही हे शोधण्यात जातात. इथे पंचाईत अशी की ते चालत होतं. बंद पडलेली वस्तू परवडली, ती निदान कुरकुर तरी करते.

मी तिला एवढंच सांगितलं, “घरात हीटिंग चालू ठेव, जाकीट घाल आणि बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का ते मला दाखव.” ती गेली. मोबाइलच्या पडद्यावर घराच्या भिंतीला लागून ठेवलेलं ते चौकोनी धूड दिसलं. पंखा ढिम्म. वर रात्रीचं दव गोठून पांढरी साय धरलेली. आत घर एकवीस अंशांवर आणि ते गरम करायचं ज्याचं काम, तो बाहेर झोपलेला.

घोडबंदर रोडला राहणाऱ्याला ही परिस्थिती एका वाक्यात कळेल. नळाला पाणी आहे, पण सोसायटीचा पंप कोणी लावतच नाही आणि सगळी बिल्डिंग महिनाभर टँकरवर चालली आहे. घरात पाण्याला तुटवडा नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. येतं ते थेट बिल.

तर आधी पंप कोणता आणि टँकर कोणता ते पाहू.

आपल्या स्प्लिट एसीच्या आउटडोअरसमोर कधी उभे राहिला असाल, तर गरम हवेचा झोत अंगावर आला असेल. ती उष्णता तुमच्या बेडरूममधली असते, वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची थोडी भर. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हेच चक्र उलटं फिरवलं की बाहेरची उष्णता उचलून आत टाकता येते. हाच हीट पंप. आपल्याकडे दुकानात त्याला ‘हॉट अँड कोल्ड एसी’ म्हणतात. ठाण्यात त्याला गिऱ्हाईक कमी, कारण जानेवारीतल्या पहाटेही आपलं काम गोधडीवर भागतं.

बाहेर शून्य अंश असताना कसली उष्णता उचलायची, हा प्रश्न आमच्या भाचजावयांनी मला विचारला होता आणि तो रास्त आहे. उत्तर आतल्या गॅसमध्ये आहे. सध्या आपल्या एसीत भरतात तो आर-३२ वातावरणाच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. ज्याला उणे ५२ ला उकळी फुटते, त्याच्यासाठी शून्य अंशाची हवा म्हणजे पेटलेली शेगडीच. बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे युनिटमधल्या नळ्यांच्या गुंडाळीत, कमी दाबाला तो हवेतली उष्णता पिऊन उकळतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो आणि आतल्या कॉइलमध्ये तो थंड होताना ती सगळी उष्णता घरात सोडतो. वीज फक्त ही हमाली करायला लागते. म्हणून एक युनिट विजेत बेताच्या थंडीत दोन-तीन युनिट उष्णता घरात येते. थंडी वाढत जाते तसा हा फायदा घटत जातो.

तो फारच घटला तर? त्यासाठी आतल्या युनिटमध्ये हीटरच्या कॉइल बसवलेल्या असतात, पाच-दहा किलोवॅटच्या. आपल्या गीझरमध्ये असते तसलीच वस्तू, फक्त पाण्याऐवजी हवा तापवणारी. एक युनिट वीज घेणार, एक युनिट उष्णता देणार, फायदा शून्य. तिकडे त्याला ऑक्झिलरी हीट म्हणतात, बोलताना नुसतं ऑक्स. हा आपला टँकर. पाणी नक्की देतो, पण दर वेगळा.

भाचीचं घर महिनाभर नुसत्या ऑक्सवर गरम होत होतं. दोष मशीनचा नव्हता, भिंतीवरच्या त्या नव्या गोल डबीने पंपाला कधी हाकच मारली नव्हती.

थर्मोस्टॅट म्हटलं की लोकांना वाटतं, तोच घर गरम-थंड करतो. नाही. तुमच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच असतो ना? पाणी खाली गेलं की तो नुसता ‘हवंय’ म्हणतो, खाली पंपरूममधला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीजचुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच, ‘खट्’ करून ओढला जातो आणि मोटर सुरू होते. मोटरचा करंट फ्लोट स्विचमधून कधीच जात नाही. थर्मोस्टॅट तसाच. भिंतीवर बसलेला, तापमान बघणारा, चार-पाच छोट्या स्विचांचा डबा. त्याच्यापाशी येणारी वीज असते फक्त २४ व्होल्ट. आतल्या युनिटमधला लहानसा ट्रान्सफॉर्मर, बहुधा ४० व्होल्ट-अँपिअरचा, ती देतो. म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन अँपिअर. त्याच्यावर कॉम्प्रेसर नाही, फक्त कॉन्टॅक्टरच्या आणि रिलेच्या, म्हणजे तसल्याच लहान स्विचच्या, कॉइल चालतात.

हे एकदा पटलं की भिंतीतून बाहेर आलेला तारांचा झुपका अंगावर येत नाही. एक तार वीज घेऊन येते, एक परत नेते आणि बाकीच्या एकेक मागणी पोचवतात.

वीज घेऊन येणाऱ्या तारेचं टर्मिनल आर. परतीचं सी, म्हणजे कॉमन. थर्मोस्टॅट आरला ज्या टर्मिनलशी जोडेल ते काम सुरू होतं. आर जोडला वायशी, की बाहेरचा कॉम्प्रेसर. आर जोडला जीशी, की आतला पंखा. डब्ल्यू टू किंवा ऑक्स लिहिलं असेल तिथे टँकर. आणि ओ किंवा बी, त्याच्याकडे सावकाश येतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. काही जुन्या थर्मोस्टॅटच्या पाट्यांवर आरच्या जागी आरसी आणि आरएच अशी दोन टर्मिनलं असतात, थंडीसाठी आणि गरमीसाठी वेगळे ट्रान्सफॉर्मर असणाऱ्या घरांसाठी. हीट पंपाच्या घरात ट्रान्सफॉर्मर एकच असतो, म्हणून तिथे दोन्हींमध्ये जंपर, म्हणजे जोडतारेचा तुकडा, असतो किंवा नवीन थर्मोस्टॅट तो आतून स्वतःच जोडतो. एवढं त्याबद्दल पुरे.

सी तारेबद्दल मात्र दोन शब्द जास्त. जुने थर्मोस्टॅट नुसते स्विच होते. त्याही आधीच्यांत काचेच्या कुपीत पारा असायचा. धातूची गुंडाळी तापमानानुसार वळायची, कुपी कलायची आणि पारा घरंगळून दोन टोकं जोडायचा. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट १९५३ साली आला, तो याच तत्त्वावरचा. कुणाच्या भिंतीवर अजून असलाच तर काढल्यावर कचऱ्यात टाकू नका, आत पारा आहे. असल्या थर्मोस्टॅटला स्वतःला वीजच लागत नसे, म्हणून परतीच्या तारेची गरज नव्हती आणि जुन्या घरांत कित्येकदा ती ओढलेलीच नसते. आताच्या वायफायवाल्याला स्क्रीन उजळायची असते, चोवीस तास रेडिओ चालवायचा असतो. त्याला सी नसेल तर तो इतर तारांतून थोडी थोडी वीज चोरून दिवस काढतो आणि मग कधी स्क्रीन मधेच बंद, कधी रिले उगाच कटकट करतो. भिंतीत न वापरलेली एखादी तार गुंडाळून ठेवलेली असेल तर तीच दोन्ही टोकांना सीवर जोडणं हा सगळ्यात सोपा उपाय. दोन्ही टोकांना, हे विसरू नका. इकडे जोडली आणि आतल्या युनिटच्या बोर्डावर तशीच लोंबकळत ठेवली, असं करणारे मी पाहिलेत.

आता ती मेख.

एसी आणि हीट पंप यांत यंत्र म्हणून मुख्य फरक एका झडपेचा, रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा. चार नळ्या जोडलेला पितळी तुकडा, वर एक कॉइल. कॉइलला २४ व्होल्ट मिळाले की आतली सरकपट्टी एका बाजूला, नाही मिळाले की दुसऱ्या बाजूला. गॅस उलटा वाहायला लागतो, घर थंड करणारं यंत्र घर गरम करू लागतं. कॉम्प्रेसरला दोन्ही सारखंच. म्हणून साध्या एसीच्या थर्मोस्टॅटला ‘चालू की बंद’ एवढंच सांगावं लागतं, हीट पंपाच्या थर्मोस्टॅटला ‘कुठल्या दिशेने’ हेही सांगावं लागतं. ती दिशा सांगणारी तार म्हणजे ओ किंवा बी.

दोन अक्षरं का? कारण कंपन्यांचं एकमत नाही. बहुतेकांच्या यंत्रात कॉइलला वीज दिली की थंड होतं, दिली नाही की गरम. ही ओ पद्धत. कॉइल जळाली तरी हिवाळ्यात घर गरम राहतं, हा तिचा फायदा. रीम आणि रूड या भावंड कंपन्यांच्या यंत्रांत बरोबर उलटं, वीज दिली की गरम. ही बी पद्धत. नवीन थर्मोस्टॅटवर टर्मिनल एकच असतं, ओ/बी, आणि ओ की बी ते सेटिंगमध्ये सांगायचं असतं. इथे चुकलं तर काही जळत नाही, फक्त हीटिंग लावल्यावर गार हवा येते आणि कूलिंगला गरम. घाबरायचं नाही, सेटिंग उलटं करायचं.

एक जागा मात्र खरीच धोक्याची. ट्रेन (Trane) कंपनीच्या काही जुन्या थर्मोस्टॅटवर बी हे अक्षर कॉमन तारेसाठी असतं, व्हॉल्व्हसाठी नाही. तिथे ‘बी ते बी’ करून निळी तार ओ/बीवर खोचली, तर थर्मोस्टॅटने व्हॉल्व्हची हाक द्यायला आर तिथे जोडल्याक्षणी आर आणि सी एकमेकांना भिडतात. थेट शॉर्ट. ओ आणि बी अशी दोन्ही टर्मिनलं तारांसह दिसली, की थांबायचं आणि आतल्या युनिटच्या बोर्डावर ती बीची तार कुठे गेली आहे ते जाऊन बघायचं.

यातूनच माझा एकमेव हट्ट निघतो, तारेचा रंग बघू नका. लाल म्हणजे आर, पिवळी म्हणजे वाय, हिरवी म्हणजे जी, नारिंगी म्हणजे ओ, पांढरी म्हणजे डब्ल्यू, निळी किंवा काळी म्हणजे सी. हा रिवाज आहे, कायदा नाही. ज्याने पहिल्यांदा तार ओढली त्याच्या हातात जो रोल होता तो त्याने वापरला. आपल्याकडे लाल फेज, काळा न्यूट्रल म्हणून बोर्ड उघडावा आणि आत सगळ्याच पिवळ्या तारा निघाव्यात, तसलाच प्रकार. तार कुठल्या टर्मिनलवर होती, एवढंच खरं.

भाचीच्या घरी नेमकं हेच नडलं. भिंतीतून सहा तारा आल्या होत्या आणि त्यांत नारिंगी नव्हतीच. सहा तारांच्या केबलमध्ये पुष्कळदा सहावी तपकिरी असते. जावयांनी ओ म्हणजे ऑरेंज असं धरलं, नारिंगी दिसली नाही, म्हणजे आपल्याकडे ओ नाही असा हिशोब केला. तपकिरी तार ‘एक्स्ट्रा’ ठरवून तिला टोपी घातली आणि भिंतीत ढकलली. थर्मोस्टॅटने विचारलं, ओ/बीवर तार आहे का? नाही. मग तुमच्याकडे गॅस जाळून घर तापवणारी साधी भट्टी आणि साधा एसी दिसतोय, हो ना? यांनी ‘हो’ दाबलं.

झालं. साध्या भट्टीच्या घरात हीटिंग म्हणजे फक्त डब्ल्यू (काहींवर डब्ल्यू वन), कॉम्प्रेसरचा काही संबंध नाही. नवा थर्मोस्टॅट इमानेइतबारे डब्ल्यूला हाक देत राहिला आणि त्या पांढऱ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला टँकर होता. घर गरम, सगळे खूश. हे असंच मे महिन्यापर्यंत चाललं असतं तर कूलिंग लावल्यावर गरम हवा आली असती, कारण व्हॉल्व्हची तार भिंतीत टोपी घालून बसली होती. तेव्हा मात्र अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

“मामा, जुन्याचा फोटो काढलाय आम्ही,” जावई म्हणाले. निम्मं काम तिथेच झालं. फोटोत तपकिरी तार सरळ ओ टर्मिनलवर दिसत होती. फोटो काढायची अक्कल ज्याला आहे त्याला मी बाकी सगळं माफ करतो.

मग कामाला लागलो. पहिलं काम ब्रेकर. हीट पंपाला दोन असतात, एक आतल्या युनिटचा आणि एक बाहेरच्याचा, दोन्ही पाडायचे. तारा २४ व्होल्टच्या आहेत, शॉक बसणार नाही हे खरं. पण काम करताना आरची उघडी तार सीला टेकली की बोर्डावरचा फ्यूज उडतो आणि ज्या जुन्या यंत्रात फ्यूजच नाही तिथे ट्रान्सफॉर्मर जळतो. हा फ्यूज मोटारगाडीत असतो तसलाच पात्यांचा, तीन अँपिअरचा जांभळा किंवा पाच अँपिअरचा फिकट तपकिरी. नवीन थर्मोस्टॅट बसवल्यावर स्क्रीन उजळली नाही, तर त्याला शिव्या देण्याआधी हा फ्यूज बघायचा. ब्रेकर पाडल्यावर आर आणि सीमध्ये मल्टिमीटर लावून खात्री करायची. चालू असताना तिथे २४ ते २८ व्होल्ट दिसतात, बंद असताना काही दिसता कामा नये.

डबी उघडल्यावर आत जाड तारा आणि त्यांवर पिळून बसवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या, तर काम तिथेच सोडायचं. तो भिंतीवरच्या हीटरचा १२० किंवा २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट आहे, आपल्या गप्पांमधला नव्हे. टर्मिनलांवर ए, बी, सी, डी अशी ओळीने अक्षरं असली तरीही हात आवरायचा. तिथे थर्मोस्टॅट आणि यंत्र एकमेकांशी स्वतःच्या सांकेतिक भाषेत बोलतात, त्या तारांवर साधा थर्मोस्टॅट चालत नाही.

भाचीकडे यातलं काही नव्हतं. तपकिरी तारेची टोपी काढली, टोक अंदाजे एक सेंटिमीटर सोललं. जास्त सोललं की उघडं तांबं शेजारच्या टर्मिनलला लागतं, कमी सोललं की स्क्रू प्लास्टिकवरच घट्ट बसतो आणि तुम्ही खूश होता. तार ओ/बीवर. पांढरी तार डब्ल्यू वनवरून काढून डब्ल्यू टूवर, जिथे ऑक्स लिहिलं होतं. प्रत्येक तार हलकेच ओढून बघायला लावली. भिंतीतल्या भोकात थोडी पुट्टी भरायला सांगितली. हे लोकांना खुळचटपणा वाटतो, पण भिंतीच्या पोकळीतली गार हवा त्या भोकातून थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते आणि तो बिचारा खोलीऐवजी भिंतीचं तापमान मोजत बसतो.

ब्रेकर वर केले. सेटिंगमध्ये यंत्राचा प्रकार बदलून हीट पंप केला. पुढचा प्रश्न आला, ओ की बी? जावयांनी विचार न करता बी दाबलं.

“बी का?”

“मला वाटलं बी म्हणजे बोथ.”

मी काही बोललो नाही. म्हटलं, कळू दे. हीटिंग लावलं, पाच मिनिटं काहीच झालं नाही. इथे पुष्कळ जण घाबरून पुन्हा तारा उपसतात. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच सुरू करायचा नसतो, दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला वेळ लागतो, म्हणून थर्मोस्टॅट तेवढा वेळ मुद्दाम थांबतो. आपल्या एसीच्या स्टॅबिलायझरवर लाइट गेल्यावर तीन मिनिटांचा डिले असतो, तोच हा. मग बाहेरून घरघर ऐकू आली, महिनाभरात पहिल्यांदा. घरातल्या हवेच्या जाळीतून मात्र गार हवा. भाची शाल घेऊन आली. सेटिंग ‘ओ’ वर फिरवलं, पुन्हा वाट पाहिली. या खेपेला तिला आउटडोअरपाशी पाठवून दोन नळ्यांतली जाड नळी कुठे उघडी आहे ते शोधायला लावलं. “हात लावू नकोस, नुसता जवळ ने.” हीटिंगमध्ये त्याच नळीतून तापलेला गॅस घरात जातो. “मामा, चांगलीच तापलीय!” याच्याइतका भरवशाचा पुरावा ॲपमध्ये मिळत नाही.

टँकरला वेसण घालणं अजून बाकी होतं. हीट पंप हळूहळू तापवतो आणि बराच वेळ चालतो, तो त्याचा स्वभाव आहे. थर्मोस्टॅट बघतो की लावलेल्या आकड्यापासून घर अंश-दीड अंश मागे पडलं, की ऑक्सला बोलावतो. म्हणजे रात्री वीज वाचवायला तापमान चार-पाच अंश उतरवलं आणि सकाळी एकदम चढवलं, तर रात्रीची सगळी बचत सकाळी टँकर पिऊन टाकतो. गॅसच्या भट्टीला जी सवय फायद्याची, ती इथे उलटते. म्हणून मी तिला रात्री अंशभरच उतरवायला सांगितलं. शिवाय बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये बाहेर अमुक तापमानाच्या वर असेल तर ऑक्स बोलावूच नये अशी सोय असते. आम्ही ती पाच अंशांवर लावली.

आणि ‘इमर्जन्सी हीट’ असं एक बटण असतं. थंडीची लाट आली म्हणून ते दाबायचं नाही. ते म्हणजे पंपाला पूर्ण सुट्टी देऊन सगळं टँकरवर टाकणं, बाहेरचं युनिट नादुरुस्त असेल तेव्हाच.

अजून एक गोष्ट सांगतो, कारण याच्यापायी चांगले थर्मोस्टॅट फेकले जातात. उन्हाळ्यात स्क्रीन एकाएकी कोरी पडली, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर घेऊ नका. आपल्याकडे एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी भिंतीवरून ओघळतं आणि आपल्याला कळतं. तिकडे आतलं युनिट पुष्कळदा माळ्यावर, खाली ट्रे, ट्रेमध्ये फ्लोट स्विच. पाणी चढलं की तो कित्येक घरांत थेट आरची तार तोडतो. थर्मोस्टॅटची वीज जाते, स्क्रीन कोरी. लोक नवीन विकत आणतात, तोही कोराच. ड्रेनमध्ये फूंक मारली असती तरी भागलं असतं.

हे सगळं ठाण्यात बसून लिहायचं कारण, आमच्या ओळखीत जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे आणि ती मंडळी येताना बॅगेतून वस्तूही आणतात. परवाच सीवूड्समधले एक मित्र असला तिकडचा थर्मोस्टॅट घेऊन आले, “हा आमच्या स्प्लिटला लावून दे.” नाही लागणार. आपल्या स्प्लिटमध्ये भिंतीवर थर्मोस्टॅट नसतोच. तापमान मोजतो तो आतल्या कॉइलसमोर बसलेला शेंगदाण्याएवढा सेन्सर, आणि आत-बाहेरच्या युनिटमधल्या तारांत २३० व्होल्ट असतात, २४ नाही. तसंच ऑफिसात, हॉटेलात भिंतीवर जो थर्मोस्टॅट दिसतो तो फॅन कॉइल युनिटचा, आणि आपल्याकडे तो बहुधा थेट २३० व्होल्टवर चालतो. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे चौकोन. त्या तारा या डबीत खोचल्या तर धूरच. घरचा एसी मोबाइलवरून चालवायची हौस असेल तर रिमोटची नक्कल करणारं छोटं यंत्र मिळतं, तार एकही जोडावी लागत नाही. मित्र नाराज झाले. त्यांनी तो थर्मोस्टॅट शोकेसमध्ये ठेवला आहे.

भाचीकडचं काम आटपून मी जेवायला बसलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन. आवाज घाबरलेला. “मामा, आउटडोअरमधून धूर येतोय! पंखा बंद पडलाय, आतून कसला तरी ‘फुस्स’ आवाज आला!”

“जळकट वास येतोय का?”

“नाही.”

“मग ती वाफ आहे. दहा मिनिटं थांब.”

थंड हवेतून उष्णता काढताना बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं. थर वाढला की हवा जाईना होते. मग यंत्र स्वतःच काही मिनिटं व्हॉल्व्ह फिरवतं, तोच ‘फुस्स’ आवाज. गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतं, बाहेरचा पंखा थांबवतं आणि बर्फ वितळून वाफ उठते. तेवढा वेळ घरात गार हवा जाऊ नये म्हणून ते आपणहून पांढऱ्या तारेतून ऑक्सला बोलावतं. टँकर याच्यासाठीही ठेवलेला असतो, दहा मिनिटांपुरता.

तिचा मेसेज आला, “थांबली वाफ. पंखा फिरतोय.” सोबत फोटो होता. कॉइलवरची पांढरी साय गेली होती आणि युनिटखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं.